हलते ते काय? : तरंगविज्ञानाच्या प्रारंभिक अभ्यासाची प्रस्तावना

पाण्याच्या पृष्ठभागावर होणाऱ्या चढउतारांसाठी मराठीत लाट, लहर आणि तरंग असे तीन शब्द आहेत, आणि रोजच्या वापराने त्यांची वाटणीही करून ठेवली आहे : समुद्राची लाट, वाऱ्याची लहर आणि तळ्यातला तरंग. पदार्थविज्ञानाने यांपैकी तरंग हा शब्द परिभाषेसाठी उचलला, लहर हा रेडिओच्या संदर्भात राहू दिला, आणि पाण्याशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा आवाजाला आणि प्रकाशाला तरंग हाच शब्द लावला. विद्यार्थ्याची अडचण नेमकी येथे सुरू होते. ध्वनी हा तरंग आहे आणि प्रकाश हाही तरंग आहे, असे त्याला दोन वेगवेगळ्या धड्यांत सांगितले जाते. दोन्ही ठिकाणी वारंवारता, तरंगलांबी आणि वेग यांना जोडणारे सूत्र एकच असते. साहजिकच ही दोन्ही एकाच जातीची असून एक सावकाश जातो व दुसरा जलद, एवढाच काय तो फरक, अशी त्याची समजूत होते, आणि परीक्षेतली उदाहरणे अचूक सुटत असल्यामुळे ती कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रस्तुत पुस्तकाची सारी मांडणी ही समजूत दूर करण्यासाठी आहे, आणि कोणताही तरंग समोर आला की सूत्राकडे वळण्याआधी एक प्रश्न विचारावा, असा तिचा आग्रह आहे : येथे हलते ते काय?

तरंग म्हणजे स्थितीत झालेल्या बदलाचा प्रवास. भरल्या कणसांच्या ज्वारीवरून वाऱ्याचा झोत गेला की या बांधापासून त्या बांधापर्यंत एक लाट सरकताना दिसते, पण एकही ताट आपली जागा सोडत नाही. प्रत्येक ताट वाकते, पुन्हा सरळ होते आणि उभे होते तेथेच उभे राहते. हे उदाहरण समजायला सोपे असले तरी ते अर्धेच खरे आहे, कारण शेतात प्रत्येक ताटाला वारा वाकवतो, शेजारचे ताट नव्हे. खऱ्या तरंगात शेजारी शेजाऱ्याला हलवतो. ताणून धरलेल्या दोरीचे एक टोक झटकले की तेथला दोरीचा भाग पुढच्या भागाला ओढतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि झटका दुसऱ्या टोकाशी पोहोचतो. एका ठरावीक जागेभोवती पुन्हा पुन्हा होणाऱ्या अशा हालचालीला दोलन म्हणतात. दोलन मूळ जागेपासून जास्तीत जास्त किती दूर जाते तो त्याचा आयाम, एका सेकंदात किती दोलने पुरी होतात ती त्याची वारंवारता, आणि एक दोलन पुरे होईपर्यंत तरंग जेवढे अंतर कापतो ती तरंगलांबी. वारंवारता हर्ट्झ या एककात मोजतात, आणि तरंगलांबीला वारंवारतेने गुणले की तरंगाचा वेग मिळतो. पुस्तकातील बहुतेक गणित एवढ्यावर चालते.

आवाजाची तुलना पाण्यातील तरंगांशी करण्याची कल्पना भारतीय विचारातही जुनी आहे. न्याय आणि वैशेषिक दर्शनांतील विचारवंतांनी शब्द कानापर्यंत कसा पोहोचतो याची चर्चा करताना दोन दृष्टान्त वापरले : एक वीचीतरंगन्याय, म्हणजे पाण्यात एका लाटेतून दुसरी उठावी तसा एका शब्दातून पुढचा शब्द उपजत जातो; आणि दुसरा कदंबगोलकन्याय, म्हणजे कदंबाच्या गोल फुलाला जशा सर्व बाजूंनी एकाच वेळी पाकळ्या फुटतात तसा शब्द सर्व दिशांना पसरतो. आवाज पृष्ठभागावर पसरत नसून गोलाकार पसरतो, हे पाण्याच्या दृष्टान्तातून सुटणारे मर्म दुसऱ्या दृष्टान्ताने अचूक पकडले आहे, आणि आजही वर्गात शिकवताना त्याचा उपयोग व्हावा. मात्र या विचारवंतांनी शब्द हा आकाशाचा गुण मानला, आणि हलते ते काय, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर तेथे चुकले.

आवाजात हलते ती हवा, किंवा आवाज ज्यातून जात असेल तो पदार्थ. टाळी वाजली की तळहातांमधली हवा दाबली जाते, दाबलेली हवा पुढच्या थराला ढकलते आणि स्वतः विरळ होते; दाबल्या गेलेल्या भागाला संपीडन आणि विरळ झालेल्या भागाला विरलन म्हणतात, आणि संपीडन-विरलनांची ही मालिका कानाच्या पडद्यावर जाऊन आदळते. येथे कणांची हालचाल तरंगाच्या दिशेतच पुढेमागे होत असल्यामुळे ध्वनीला अनुतरंग म्हणतात. दोरीतल्या तरंगात हालचाल प्रवासाच्या दिशेला काटकोनात होते, म्हणून तो अवतरंग. साध्या बोलण्यात हवेचे कण या तरंगामुळे किती सरकतात हे पाहिले तर थक्क व्हायला होते, कारण ते अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही खूप कमी असते, आणि तरीही कानाला शब्द स्पष्ट कळतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, पाण्यात तो चौपटीहून अधिक, म्हणजे साधारण १४८० मीटर होतो, आणि पोलादात त्याहूनही कितीतरी वाढतो. माध्यम, म्हणजे तरंग वाहून नेणारा पदार्थ, दाबाला जितका चिवट विरोध करतो तितका धक्का पुढे लवकर जातो.

माध्यम काढून घेतले तर काय होईल, याचा प्रयोग रॉबर्ट बॉईल यांनी केला आणि १६६० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याची नोंद केली. काचेच्या भांड्यात दोऱ्याला टांगलेले घड्याळ ठेवून पंपाने आतली हवा उपसली, तेव्हा टिकटिक क्षीण होत होत ऐकू येईनाशी झाली, आणि हवा परत आत सोडल्यावर पुन्हा ऐकू आली. या प्रयोगाचा एवढाच भाग सहसा सांगितला जातो, पण त्याचा दुसरा अर्धा भाग अधिक मोलाचा आहे : टिकटिक थांबली तरी घड्याळ दिसत राहिले. आवाजाला जी पोकळी ओलांडता आली नाही, ती प्रकाशाने सहज ओलांडली. हा प्रयोग करण्याची सोय प्रत्येक शाळेत असायला हवी, आणि तो करताना विद्यार्थ्याने कानाइतकेच डोळ्यांकडेही लक्ष द्यायला हवे, कारण पुस्तकाचे ध्वनी आणि प्रकाश हे दोन्ही भाग त्या एका भांड्यात एकत्र आलेले असतात.

ध्वनीच्या भागात वाद्यांना बरीच जागा दिली आहे, आणि ती जास्त झाली असे वाटण्याचे कारण नाही. ताणलेली तार छेडली की ती एकाच वारंवारतेने हलत नाही. मूळ वारंवारतेबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी दोलनेही ती एकाच वेळी करते. या वरच्या वारंवारतांना स्वरांश म्हणू. तंबोरा आणि सतार यांचा एकच स्वर वेगळा ओळखू येतो, तो या स्वरांशांच्या कमीजास्त प्रमाणामुळे. नियम असा की तार ज्या ठिकाणी छेडावी, तेथे ज्या स्वरांशाचा स्थिर बिंदू येतो तो स्वरांश उमटू नये. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुप्पट वारंवारतेचा स्वर ऐकू येऊ नये. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात केलेल्या प्रयोगांत वीणा आणि तंबोरा हा नियम पाळत नाहीत असे दिसले, आणि त्याचे कारण त्यांना घोडीत सापडले. तंबोऱ्याची घोडी धारदार नसते; तिचा माथा रुंद असून त्याला किंचित बाक दिलेला असतो, आणि तार व घोडी यांच्यामध्ये एक साधा सुती दोरा सरकवलेला असतो. तार हलताना त्या बाकदार माथ्याला घासत, टेकत आणि सुटत राहते, त्यामुळे जे स्वरांश निघायला नकोत तेही निघतात, आणि तो दोरा केसभर पुढेमागे केला की आवाज एकदम उघडतो. याला कलावंत जवारी लागली असे म्हणतात. मिरजेत पिढ्यानपिढ्या तंबोरे घडवणारे कारागीर घोडीचा हा बाक कानशीने घासत आणि कानाने तपासत बसवतात. भौतिकशास्त्राला ज्याचे स्पष्टीकरण १९२१च्या सुमारास देता आले, ते त्यांच्या हातांना त्याआधीच माहीत होते.

तबल्याची गोष्ट याहूनही विलक्षण आहे. सर्वत्र सारख्या जाडीच्या कातड्यावर थाप मारली तर निघणाऱ्या वारंवारता एकमेकींच्या पूर्ण पटीत नसतात. दुसरी पहिलीच्या साधारण १.५९ पट, तिसरी २.१४ पट, असा त्यांचा विस्कळीत क्रम असतो, आणि म्हणून साध्या ढोलकात नाद असला तरी ठाम स्वर लागत नाही. तबल्याच्या पुडीवर मधोमध शाई चढवतात : लोहचूर्ण आणि खळ यांचे थरावर थर देऊन, प्रत्येक थर दगडाने घोटून. या वजनामुळे कातड्याची दोलने अशी बदलतात की निघणाऱ्या वारंवारता जवळजवळ १, २, ३, ४, ५ अशा पटींत येऊन बसतात, आणि चामड्याचे वाद्य तारेसारखे स्वरात बोलू लागते. रामन यांनी १९२० साली हे निरीक्षण ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. रामन म्हटले की १९२८चा प्रकाशाविषयीचा शोध आठवतो, आणि २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन त्यासाठीच पाळला जातो. पण ध्वनी आणि प्रकाश ही दोन्ही क्षेत्रे एकाच माणसाने इतक्या जिव्हाळ्याने अभ्यासली, ही गोष्ट या पुस्तकाच्या वाचकाने मनात ठेवण्यासारखी आहे.

प्रकाशाकडे वळताच मूळ प्रश्न अवघड होतो. प्रकाश हा तरंग आहे हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रयोगांनी पटले होते, तेव्हा त्यालाही काही माध्यम असलेच पाहिजे, असे गृहीत धरून शास्त्रज्ञांनी साऱ्या अवकाशात भरून राहिलेल्या ईथर नावाच्या अदृश्य पदार्थाची कल्पना केली. आवाजावरून काढलेले ते अनुमान होते, आणि ते चुकीचे निघाले. १८८७ साली मायकेलसन आणि मॉर्ले यांनी अत्यंत काटेकोर प्रयोग केला, त्यात ईथरचा मागमूस लागला नाही. मग हलते ते काय? याचे उत्तर जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांच्या १८६५च्या निबंधात होते. चुंबकाभोवती किंवा विद्युतभाराभोवती ज्या भागात त्याचा प्रभाव जाणवतो त्याला क्षेत्र म्हणतात. बदलते विद्युतक्षेत्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि बदलते चुंबकीय क्षेत्र विद्युतक्षेत्र निर्माण करते. ही दोन्ही क्षेत्रे एकमेकांना उठवत, एकमेकांशी आणि प्रवासाच्या दिशेशी काटकोन साधत पुढे जातात, आणि त्यांना कोणत्याही पदार्थाचा आधार लागत नाही. या तरंगाचा वेग मॅक्सवेल यांनी निव्वळ विद्युत आणि चुंबकत्वाच्या मोजमापांवरून काढला, तो सेकंदाला सुमारे ३ लाख १० हजार किलोमीटर आला. प्रकाशाचा त्या काळी मोजलेला वेग ३ लाख १४ हजारांच्या आसपास होता. दिव्याशी ज्यांचा संबंध नाही अशा मोजमापांतून प्रकाशाचा वेग बाहेर पडावा, याहून मोठा आनंद विज्ञानात क्वचितच मिळतो, आणि तो विद्यार्थ्याला मिळावा म्हणून हे प्रकरण मुद्दाम संथ गतीने लिहिले आहे. आजचा स्वीकृत आकडा सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा आहे.

मॅक्सवेल यांचे भाकीत हाइनरिक हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये कार्ल्सरूह येथे खरे करून दाखवले. एका बाजूला विजेची ठिणगी पाडली की दूर ठेवलेल्या, कशालाही न जोडलेल्या तारेच्या कडीतील बारीक फटीत दुसरी ठिणगी उडे. त्यानंतर जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात काही मिलिमीटर लांबीचे विद्युतचुंबकीय तरंग निर्माण केले आणि १८९५ साली जाहीर प्रात्यक्षिकात त्यांच्या साहाय्याने दूरवरची घंटा वाजवली व दारू पेटवली. प्रकाशावर होणारे प्रयोग या अदृश्य तरंगांवरही होतात हे त्यांनी एकेक करून पडताळले. पीळ दिलेल्या तागाच्या जुड्या तरंगांच्या वाटेत ठेवून त्यांच्या दोलनाची दिशा वळते हेही त्यांनी दाखवले. तागासारखी बंगालच्या शेतातली वस्तू इतक्या सूक्ष्म प्रयोगात वापरण्याची दृष्टी हा आमच्या विज्ञानपरंपरेतला अभिमानाचा ठेवा आहे.

रेडिओ लहरी, सूक्ष्मलहरी, अवरक्त किरण, दृश्य प्रकाश, अतिनील किरण, क्ष-किरण आणि गॅमा किरण ही सारी एकाच विद्युतचुंबकीय तरंगाची वाढत्या वारंवारतेनुसार पडलेली नावे आहेत, आणि त्यांचा तक्ता प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. तो पाठ करण्यापेक्षा पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जाऊन यावे. तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची बनलेली असून त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. या तबकड्यांना पत्रा नाही, बारीक पोलादी तारेची जाळी आहे, आणि जाळीची भोके एक-दोन सेंटिमीटरची आहेत. ऊन तिच्यातून आरपार जाते, वाराही जातो. पण अवकाशातून येणारी जी रेडिओ लहर येथे टिपायची असते ती कमीत कमी वीस सेंटिमीटरच्या आसपास लांबीची, आणि तिला ही भोके जाणवतच नाहीत; तिच्या दृष्टीने तो गुळगुळीत आरसा आहे. एकच वस्तू एका तरंगलांबीला चाळणी आणि दुसरीला आरसा ठरते, ही गोष्ट तक्त्यातून कळत नाही, जाळीखाली उभे राहिल्यावर कळते.

ध्वनी आणि विद्युतचुंबकीय तरंग यांची सर्वांत जास्त गल्लत होते ती रेडिओच्या बाबतीत. आकाशवाणीचे पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झला लागते, म्हणजे त्याची तरंगलांबी सुमारे ३७८.८ मीटर होते. विद्यार्थ्याने हे दोन आकडे वहीत मांडून गुणावेत, उत्तर सेकंदाला ३ लाख किलोमीटर येईल, आणि त्यावरून केंद्रातून निघते तो आवाज नव्हे हे त्याचे त्यालाच उमगेल. गायकाचा आवाज मायक्रोफोनपाशीच संपतो. त्याच्या चढउतारांप्रमाणे विद्युतचुंबकीय तरंगाचा आयाम कमीजास्त केला जातो, आणि घरातल्या रेडिओचा कर्णा त्या चढउतारांवरून हवा नव्याने हलवतो. याचा एक परिणाम चमत्कारिक वाटतो, पण हिशेब सरळ आहे. ध्वनिवर्धक नसलेल्या मैफलीत ७० मीटर अंतरावर बसलेल्या श्रोत्यापर्यंत स्वर पोहोचायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. त्याच मैफलीचे जुन्या पद्धतीचे थेट प्रक्षेपण ३०० किलोमीटरवर ऐकणाऱ्याकडे रेडिओ लहर सेकंदाच्या हजाराव्या भागात येते, आणि तो रेडिओपासून दोन मीटरवर बसला असेल तर मंडपातल्या शेवटच्या श्रोत्याच्या कितीतरी आधी त्याला तो स्वर ऐकू येतो. आजच्या डिजिटल प्रक्षेपणात आवाजाचे आकडे करण्यात व उलगडण्यात वेळ जातो, म्हणून हा हिशेब मोबाईलवर पडताळून पाहता येणार नाही.

रात्रीची वेळ दोन्ही तरंगांना मानवते, आणि कारणे मात्र निराळी आहेत. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार व वरची त्यापेक्षा उबदार असते. उबदार हवेत आवाज जलद जात असल्याने वर निघालेला ध्वनितरंग वाकून पुन्हा जमिनीकडे येतो, आणि पलीकडच्या गावातले भजन किंवा आगगाडीची शिट्टी अंगणात ऐकू येते. मध्यम लहरींवरची दूरची केंद्रेही रात्रीच लागतात, पण तेथे हवेचे तापमान कामाचे नाही. दिवसा सूर्यकिरणांमुळे उंच वातावरणात विद्युतभारित कणांचा जो खालचा थर तयार होतो आणि या लहरी शोषून घेतो, तो सूर्यास्तानंतर विरतो, आणि लहरी त्यावरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात. एका ठिकाणी हलते ती हवा, दुसऱ्या ठिकाणी हलतात ती क्षेत्रे, आणि प्रश्न आधी विचारला असेल तर दोन्ही उत्तरे आपापल्या जागी राहतात.

हा प्रश्न न विचारल्याने होणारे गैरसमज घराघरांत आहेत. सोनोग्राफीला अनेक जण क्ष-किरणांचा प्रकार समजतात. वस्तुतः तो माणसाला ऐकू न येणारा, म्हणजे २०,००० हर्ट्झहून कितीतरी अधिक वारंवारतेचा श्राव्यातीत ध्वनी असतो. तपासणीआधी पोटावर गार, बुळबुळीत जेल लावतात, कारण त्वचा आणि उपकरण यांच्यामध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला तरी जवळजवळ सगळा ध्वनी तेथूनच परत फिरतो. क्ष-किरणांना जेल लागत नाही. ३५ लाख हर्ट्झ ही या उपकरणाची नेहमीची वारंवारता रेडिओ लहरींच्या पट्ट्यातही सापडते, पण शरीरात त्या ध्वनीची तरंगलांबी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते, आणि तेवढ्याच वारंवारतेच्या रेडिओ लहरीची हवेत सुमारे ८६ मीटर. याच्या उलट मोबाईलच्या लहरींना रेडिएशन हा शब्द चिकटल्यामुळे त्या किरणोत्सर्गी पदार्थांइतक्या घातक असाव्यात अशी भीती पसरते. विद्युतचुंबकीय तरंगाची ऊर्जा पुंजांच्या रूपात मिळते आणि एका पुंजाची ऊर्जा वारंवारतेच्या प्रमाणात असते. मोबाईलची वारंवारता दिव्याच्या साध्या प्रकाशापेक्षाही लाखभर पटींनी कमी असल्याने तिचा पुंज रेणूंचे बंध तोडू शकत नाही, आणि अतिनील किरणांचा व क्ष-किरणांचा तोडू शकतो.

पुस्तकाचे अखेरचे प्रकरण या दोन्ही वर्गांत न बसणाऱ्या तरंगाविषयी आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोच्या दोन वेधशाळांनी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेला गुरुत्वीय तरंग नोंदवला. त्याची वारंवारता सेकंदाच्या पाचव्या भागात साधारण ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली, म्हणजे ती तंबोऱ्याच्या तारांच्या टप्प्यातली होती, आणि नोंदीचे ध्वनीत रूपांतर केल्यावर ती कानाला ऐकताही आली. तरंग मात्र प्रकाशाच्या वेगाने आला होता, आणि त्यात हवा हलली नव्हती की विद्युतक्षेत्र, प्रत्यक्ष अवकाशच ताणले आणि आकसले होते. चार किलोमीटर लांबीच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा होता, आणि तो मोजला लेसरच्या प्रकाशतरंगांनी. अशीच तिसरी वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी करण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली आहे. तिच्या आरशांजवळ ट्रकची धडधड आणि जमिनीची थरथर पोहोचू नये यासाठी ध्वनीचे शास्त्र लागेल, भुजांमधून जाणाऱ्या लेसरसाठी प्रकाशाचे, आणि आज आठवीत किंवा नववीत असलेली त्याच जिल्ह्यातील मुले ती वेधशाळा चालू होईल तेव्हा तेथे काम करण्याच्या वयाची झालेली असतील.